खडकरक्षकाचा गुडघा

हिंगोलीच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत पल्लवी पाईकरावचं रेडियमचं दुकान आहे. गाडीवर नाव, ट्रॅक्टरच्या बोनेटवर वाघाचे डोळे, ट्रॉलीच्या मागे आईचा आशीर्वाद, काय हवं ते ती कापून चिकटवून देते. पण तिच्याकडे सगळ्यात जास्त माणसं येतात ती नंबरप्लेटसाठी, आणि त्यांतल्या बहुतेकांना नंबर असा हवा असतो की तो नंबर वाटू नये. ४१४१ चं ‘दादा’ करा, २१४ चं ‘राम’ करा. पल्लवी आधी सांगून बघते, “पोलीस धरतील भाऊ.” भाऊ म्हणतो, “धरू द्या.” मग ती आकड्यांच्या माना मुरगाळते, शेपट्या ओढते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

दिवसभर असं वाकडं कापून कापून माणसाला कुठेतरी काहीतरी सरळ लागतं. पल्लवीला ते ‘अरुणखंड’मध्ये सापडलं होतं.

‘अरुणखंड’ ही काही वर्षांपूर्वी मोबाइलवर आलेली मराठी मालिका. तांबडा, कोरडा ग्रह. त्यावर मोजक्याच विहिरी. आणि त्या विहिरींची राखण करणारे सैनिक, त्यांचं नाव खडकरक्षक. अंगभर करड्या रंगाचं कवच, छातीवर तिरपा पिवळा पट्टा, हेल्मेटला डोळ्यांच्या जागी एकच आडवी काच. मालिका दोन हंगामांतच बंद पडली, पण ज्यांना तिचं वेड लागलं त्यांचं काही उतरलं नाही. त्यांनी ‘खडकरक्षक पथक’ काढलं. राज्यभरातली माणसं घरी फोमशीट कापून, हीटगननं वाकवून, रंग देऊन कवच करत आणि ते घालून शाळांमध्ये, रक्तदान शिबिरांत, दवाखान्यातल्या लेकरांना भेटायला जात.

पण पथकात शिरायचं तर कवच मंजूर व्हावं लागे. त्यासाठी मानक समिती होती. नाशिकची मोहिनी समितीची प्रमुख, हेल्मेट तिच्याकडे. छाती आणि हात सेनगावच्या रूपसिंग आडे सरांकडे. ते ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आणि कमरेखालचं सगळं पल्लवीकडे. अर्जदारानं चारी बाजूंनी फोटो पाठवायचे, समितीनं ते मालिकेतल्या चित्रांशी ताडून बघायचे आणि काय चुकलं ते लिहून कळवायचं.

कमरेखालचे नियम पल्लवीनंच लिहिले होते. सगळे भाग थांबवून थांबवून पाहिले होते तिनं. पट्ट्याची रुंदी, बुटाची टाच, नडगीवरचे खिळे. आणि तिला ज्याचा सगळ्यात अभिमान होता तो नियम गुडघ्याचा होता: मांडीचं कवच आणि नडगीचं कवच यांच्यात फट दिसता कामा नये. आख्ख्या मालिकेत तिला कुठेच फट दिसली नव्हती. नवख्या माणसाचं घोडं नेमकं इथेच अडायचं. फट ठेवली नाही तर पाय वाकत नाही, आणि पाय वाकवायचा तर फट येते.

“मग वाकवू नका पाय,” पल्लवी म्हणायची. “रक्षक बसायला न्हाई आलेला. राखण करायला आलाय.”

त्या वर्षी थंडी सरता सरता शिरड शहापूरहून डी. कुटे नावाचा एक अर्ज आला. काम बरं होतं. छाती चांगली, हात चांगले, पण गुडघ्यांवर सरळ सरळ तीन-चार बोटांची फट. पल्लवीनं लिहिलं, “गुडघ्यावर फट दिसते. दुरुस्त करून पुन्हा अर्ज करा.” काही दिवसांनी पुन्हा अर्ज आला. या वेळी खांद्याची कड सुधारलेली, पट्टा सुधारलेला, बूट तर पाहण्यासारखे झालेले. आणि फट होती तिथेच, होती तेवढीच.

पल्लवीनं रूपसिंग सरांना फोन लावला. “सर, हे शिरडचं पोरगं आपली चेष्टा करून राहिलंय का? सगळं ऐकतं, गुडघ्याचं तेवढं ऐकत न्हाई.”

“विसरलं असेल,” सर म्हणाले.

“दोन्ही पायांचं विसरलं?”

तिनं तेच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. या खेपेला ‘फट’च्या खाली रेघ ओढली.

फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाला, शिरड शहापूरच्याच शाळेतून पथकाला बोलावणं आलं. रूपसिंग सर गाडी घेऊन हिंगोलीत आले. पल्लवीचं कवच मागच्या सीटवर निजवलं आणि दोघं निघाली. वाटेत जागोजागी हळद शिजवणं चाललं होतं. शेतांच्या कडेनं कुकरांची वाफ उठत होती आणि काचा बंद केल्या तरी वास आत येत होता. शाळेत पोचल्यावर पल्लवीनं एका वर्गात जाऊन उभ्या उभ्या पाय चढवले. तिचं कवच पथकात नमुना म्हणून दाखवलं जाई. मांडी आणि नडगी अशी जुळलेली की मध्ये कागद जाऊ नये.

ती मैदानात आली तशी पोरं एकदम गप्प झाली. काठीसारखे ताठ पाय टाकत ती चालली. मागून रूपसिंग सर. त्यांचं पोट छातीपट्टीत मावत नसे, म्हणून ते नेहमी मागेच राहत. पोरांच्या रांगेतून एक बारकी मुलगी पुढे आली आणि तिनं हात वर केला. हात मिळवायचा होता तिला. पल्लवी वाकली. कमरेतून वाकता येतं तेवढी वाकली, तरी हात पुरेना, म्हणून आणखी थोडी वाकली. पुढे तोल गेला, तो सावरायला ती मागे झुकली, आणि मग आख्खी रक्षक धाडकन पाठीवर पडली.

मार काही लागला नाही. फोम होता. पण उठता येईना. पाय वाकत नव्हते, हेल्मेट मातीत रुतलं होतं, आणि उलथ्या पडलेल्या कासवासारखी ती हात हलवत राहिली. पोरांना वाटलं हे खेळातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. रूपसिंग सर उचलायला धावले, पण त्यांनाही वाकता येत नव्हतं. ते नुसते वरून विचारत राहिले, “लागलं का? पल्लवी, लागलं का?”

तेवढ्यात आडव्या काचेतून पल्लवीला आभाळासमोर तिसराच रक्षक दिसला. करडं कवच, तिरपा पिवळा पट्टा, आणि हातात एक लांब काठी. काठीचं टोक तिच्यासमोर आलं.

“धरा घट्ट,” कवचाच्या आतून बाईचा आवाज आला. “मी वाकत नसते. तुमीच धरून या वर.”

पल्लवीनं दोन्ही हातांनी काठी धरली. समोरचीनं पाय रोवून मागे रेलत ओढलं, रूपसिंग सरांनी पाठीमागून रेटा दिला, आणि पल्लवी उभी राहिली. पोरांनी आणखी टाळ्या पिटल्या. पल्लवीचं लक्ष मात्र समोरच्या रक्षकाच्या गुडघ्यांकडे गेलं होतं. दोन्हीकडे तीन-चार बोटांची फट. ती फट ती ओळखत होती.

“डी. कुटे?” ती म्हणाली.

“दीपमाला,” समोरचीनं हेल्मेट काढलं. पल्लवीच्याच वयाची, घामानं केस कपाळाला चिकटलेली, आणि हसू आवरत नसलेली. “आन् तुमी त्या फटवाल्या ताई. रेघ मारली होती खाली.”

कार्यक्रम उरकल्यावर तिघं शाळेच्या व्हरांड्यात आली. पल्लवीनं आधी नडग्या काढून टाकल्या आणि पायरीवर बसली. दीपमालानं काहीच काढलं नाही. तिनं डाव्या गुडघ्याच्या फटीत दोन बोटं घातली, काहीतरी वर ओढलं, ‘टक्’ असा आवाज आला, मग तिनं त्याच गुडघ्याच्या दुसऱ्या बाजूनं तसंच केलं आणि पाय वाकवून ती आरामात पायरीवर टेकली.

आत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर होतं. चालताना गुडघा कडीनं बंद ठेवायचा, बसताना कडी वर ओढून मोकळा करायचा. लहानपणीचा पोलिओ, ती म्हणाली, जसं कोणी आपलं गाव सांगावं तसं. गावातल्याच ग्रामपंचायतीत ती कॉम्प्युटरवर दाखले काढून देण्याचं काम करत होती. पथक गावात येणार हे कळलं, तशी तीही कवच घालून आली होती.

पल्लवी तिच्याकडे वळली. “अर्जात लिहिलं का न्हाई तुमी?”

“काहून लिहू?”

“आमाला कळलं असतं ना. आमी काहीतरी केलं असतं.”

“तेच नको होतं,” दीपमाला म्हणाली. “बसच्या पासला सवलत हाय मला, तेवढी पुरे. हितं सगळ्यांसारखं व्हायचं तर सगळ्यांच्या नियमानं.”

“मग उजव्या पायावर कशाला ठेवली फट? तिकडं कॅलिपर न्हाई.”

“एकीकडं ठेवली तर विचित्र दिसतं. कवच म्हटल्यावर जोडी बराबर पाहिजे.”

रूपसिंग सर हसले. पल्लवीला हसू आलं नाही. ती मान खाली घालून नडगीवरची माती खरवडत होती. दीपमालानं ते पाहिलं असावं, कारण ती आपण होऊनच सांगू लागली.

“ताई, एक सांगू? मला ही मालिका काहून आवडली माहीत हाय का? पहिल्या भागात ते रक्षक येतात ना टेकडीवरून, ओळीनं. बघितलं तवा मी घरात ओरडलेच. आई म्हणली, काय झालं? म्हटलं, बघ, सगळेच्या सगळे माझ्यासारखे चालून राहिले.”

यावर मात्र तिघंही हसली. मघाच्या बारक्या मुलीनं कुठूनतरी पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्या दिवशी बोलणं तिथेच थांबलं.

त्याच आठवड्यात पल्लवीनं मोहिनीला फोन केला. मोहिनी नियमाला कडक, पण माणूस वाईट नव्हती. ऐकलं आणि लगेच म्हणाली, “अगं, एक ओळ घालू की. ज्यांना गरज आहे त्यांना गुडघ्याची अट शिथिल. आजच घालू.”

“ती घेणार न्हाई.”

“का?”

“सवलत नको म्हणती.”

“मग कठीण आहे,” मोहिनी म्हणाली. “नियम तर चित्रावरून केलेला आहे. चित्रात फट नाही, तर आपण कुठून आणायची?”

पल्लवीलाही ते पटत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. नियम खोटा असता तर तिनं आनंदानं फाडला असता. पण तो खरा होता. तिनं स्वतः डोळे फोडून तो शोधला होता.

घरी आईला तिनं सगळं सांगितलं. शिलाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. लेकीच्या या कवचाच्या नादाला त्या नावं ठेवत नसत, पण फारसं विचारतही नसत. त्या दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचे ते शिपाई विहिरीवर असतात ना?”

“व्हय.”

“मग पाणी कसं शेंदतात, न वाकता?”

“मालिकेत कुठं शेंदताना दाखवतात, आई.”

“दाखवत न्हाईत, पण ते माणूस तर खरंच होतं ना आतमधी? ते दिवसभर उभंच होतं व्हय? जेवायला बसलं असंल, पळालं असंल. त्याला इचारा की.”

पल्लवीचा हात मेथीवरच थांबला. चित्र तर तिनं हजार वेळा विचारून झालं होतं. ज्यांनी ते कवच केलं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मालिकेच्या शेवटी जी नावं सरकत जातात त्यांत ‘कवच: तातेराव आणि मंडळी’ असं एक नाव होतं. ते इतकं भरकन जाई की पथकातल्या कोणी ते नीट वाचलंही नव्हतं. रूपसिंग सरांनी ओळखीतून ओळख काढत नंबर मिळवला. तातेराव मूळचे जिंतूरकडचे निघाले. आता पुण्यात नाटकांचे मुकुट आणि तलवारी करत होते. पल्लवीनं दुकानात गिऱ्हाईक नसताना फोन लावला.

“हिंगोलीवरून?” तातेराव खूश झाले. “बोला, बोला. आपल्याकडची भाषा ऐकून लई दिवस झाले.”

पल्लवीनं कवच कशाचं होतं, रंग कोणता, असं विचारत विचारत बेतानं गुडघ्याचा विषय काढला. तातेराव पलीकडे एवढ्या मोठ्यानं हसले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“त्या गुडघ्यानं लई तकलीफ दिली बाई. पहिल्या दिवशी डायरेक्टर म्हणले, फट दिसू नका देऊ. न्हाई दिली. नट मंडळी उभी राहिली, झकास. मग म्हणले, आता पळा. पहिला नट पळाला आन् तोंडावर पडला. त्याच्यावर दुसरा. मग आमी दुसरे कवच केले पळायचे. गुडघ्यावर चार बोटं कापून टाकलं.”

“फट ठेवली?”

“मोकळी न्हाई ठेवली. आत काळं रबर भरलं, घड्या घड्यांचं. दुरून सावलीच वाटायची. उभं राहायचं कवच येगळं, पळायचं येगळं. दोन जोड होते.”

पल्लवीनं हातातली रेडियमची पट्टी खाली ठेवली. “कोणत्या भागात दिसतं ते?”

“शेवटच्या. ती मारामारी हाय ना कड्यावरची, त्याच्यात.”

मोहिनीनं हे ऐकून घेतलं, पण हलली नाही. “माणसाची आठवण आहे पल्लवी. उद्या कोणीही उठून म्हणेल, मला अमुक एकानं सांगितलं. चित्रात दाखव, मी त्या क्षणी नियम बदलते.”

“दाखवते,” पल्लवी म्हणाली.

रविवारी दुपारी रूपसिंग सरांनी कॉलेजचा प्रोजेक्टरचा वर्ग उघडून घेतला. दीपमालाही आली. सेनगावला यायला तिला दोन बस बदलाव्या लागल्या होत्या आणि वाटेत तिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेतली होती. भिंतीएवढ्या पडद्यावर कड्यावरची मारामारी लागली. एकेक चित्र थांबवत, शेंगा फोडत, तिघांनी ती पाहिली. पळणारे रक्षक होते, भरपूर होते. पण सगळ्यांच्या कमरेखाली धूळच धूळ. गुडघा म्हणून काही दिसत नव्हता.

“तातेरावची आठवण पक्की न्हाई दिसत,” सर म्हणाले.

पहिल्या हंगामातले पळायचे प्रसंग लावले. धूळ. दुसऱ्यातले लावले. धूळ. ग्रहच धुळीचा, त्याला कोण काय करणार. टरफलांचा ढीग वाढत गेला. दीपमाला म्हणाली, “जाऊ द्या ताई. एवढं बघितलं तुमी माझ्यासाठी, त्याच्यातच आलं सगळं.”

“आता तुमच्यासाठी न्हाई बघत,” पल्लवी म्हणाली. “आता मलाच बघायचंय.” आणि ते खरं होतं. ती खुर्चीवरून उठली आणि पडद्यासमोर येरझाऱ्या घालू लागली. तिची सावली रक्षकांवरून इकडून तिकडे जात होती. “सर, धूळ कुठं उडत न्हाई?”

“ओल्या जमिनीवर. पण इथे ओलं काय आहे? सगळा ग्रह...” सर बोलता बोलता थांबले.

“विहीर फुटती तो भाग,” पल्लवी म्हणाली.

सगळ्या मालिकेत पाणी सांडतं ते एकदाच. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर विहिरीचा कठडा फुटतो आणि पाणी वस्तीत शिरतं. तो भाग पाहताना सगळ्यांचं लक्ष वाहून जाणाऱ्या मुलाकडे असतं. पल्लवीनंही तो जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मुलाकडेच पाहिलं होतं. सरांनी भाग लावला. पाणी आलं. मूल वाहत निघालं. आणि मागे, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, एक रक्षक पाण्यातून पळत आला.

“थांबवा.”

सरांनी थांबवलं. ओल्या कवचावर ऊन चमकत होतं. रक्षकाचा पुढचा पाय गुडघ्यात चांगलाच वाकलेला, मांडीचं कवच वर संपलेलं, नडगीचं खाली सुरू झालेलं, आणि मध्ये काळ्या रबराच्या घड्या. त्याही ओल्या, म्हणून एकेक मोजता येत होती.

दीपमाला पडद्याजवळ गेली, तिनं घड्यांवर बोट ठेवत त्या मोजल्या, मग त्याच रक्षकाच्या पंजाशी फट ताडून पाहिली. “चार बोटं,” ती म्हणाली. “तातेराव बराबर बोलले.”

पल्लवीनं मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला आणि मोहिनीला पाठवला. उत्तरात मोहिनीचा फोनच आला. नमस्कार नाही, काही नाही. “हे आपण इतकी वर्षं पाहिलं कसं नाही?”

“मुलाकडं बघत होतो,” पल्लवी म्हणाली.

“मग लिही. उभा रक्षक आणि धावता रक्षक, दोन प्रकार. दोन्हींना सारखाच मान. आणि पल्लवी, घड्या किती ते नीट लिही, मोघम नको.”

त्यावरून पुढचा सगळा आठवडा समितीत वाद झाला. सरांच्या मते घड्या पाच होत्या, मोहिनीच्या मते सहा, कारण सगळ्यात खालची अर्धी झाकली होती. झाकलेली घडी मोजायची की नाही? तातेरावांना विचारलं तर ते म्हणाले, “जेवढं रबर उरलं तेवढं लावलं बाई.” शेवटी पल्लवीनं लिहिलं, “पाच किंवा सहा घड्या. रबर काळं, चकाकी कमी. कवचाची कड रबरावर किंचित चढलेली.” ते वाचून दोघांनाही आपापलं म्हणणं टिकल्यासारखं वाटलं.

नवे नियम सगळ्यांना कळवले त्याच दिवशी दीपमालाचा अर्ज आला. धावता रक्षक. पल्लवीनं चारी बाजूंचे फोटो नीट पाहिले. फट बराबर चार बोटं. पण मोकळी. आत रबर नाही. फटीतून कॅलिपरची पट्टी आणि खालची काळी लेगिंग दिसत होती.

तिनं फोन हातात घेतला, खाली ठेवला. ग्राफिकच्या कॉम्प्युटरवर एका गिऱ्हाइकाचा ‘बॉस’ अर्धा राहिला होता, तोही तसाच ठेवला. एवढं सगळं झाल्यावर आता नाही म्हणायचं? दीपमालानं त्या दिवशी पडद्यावर रबर पाहिलं होतं, तरी लावलं नव्हतं. कदाचित तिला वाटलं असेल, आता तेवढं चालवून घेतील. किंवा ती पल्लवीचीच परीक्षा बघत असेल. पल्लवीनं थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, “गुडघ्यात रबर नाही. बसवून पुन्हा अर्ज करा.” रेघ मात्र मारली नाही.

दोन मिनिटांत फोन आला.

“ताई, नाकारलं तुमी,” दीपमाला म्हणाली.

“व्हय.”

“बरं केलं. मंजूर केलं असतं तर मला रात्रभर वाटलं असतं, दया केली का काय.” मग तिचा आवाज खाली आला. “पण रबर आणू कुठून? परभणीपर्यंत फिरून आले मी. नळीचं मिळतं, घड्यांचं मिळत न्हाई. म्हणून तसंच पाठवलं.”

“आधी सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तुमी नियमच थांबवला असता माझ्यासाठी.”

पल्लवी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. समोर रस्त्याच्या कडेला कोणाची तरी जुनी मोटारसायकल लावलेली होती. तिच्या पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शॉकअपवर, काळ्या रबराच्या घड्या होत्या. पल्लवी खाली वाकून त्या मोजू लागली, तेवढ्यात मोटारसायकलचा मालक चहाच्या गाड्यावरून आला आणि काय चाललंय म्हणून विचारू लागला.

“काही न्हाई काका,” ती म्हणाली. “गुडघा बघून राहिले.”

शिरडच्या प्रभू मेकॅनिककडे असली जुनी रबरं पोतंभर पडलेली होती. दीपमालानं त्यातलं हवं तसं निवडून आणलं, उभं चिरलं, उलगडलं, सोल्युशननं कवचाच्या आतून चिकटवलं. कॅलिपरची कडी हाताला लागावी म्हणून दोन्ही बाजूंना एक घडी मोकळी सोडली, आणि ती मिटली की दिसेनाशी होई. या वेळी फोटो आले तेव्हा पल्लवीला बोलायला जागाच उरली नाही. रूपसिंग सरांनी छाती मंजूर केली, मोहिनीनं हेल्मेट, आणि कमरेखालचं पल्लवीनं. मोहिनीनं लगेच कळवलं की दीपमाला कुटे ही पथकातली पहिली धावती रक्षक. मग लातूर, नगर, अकोला, कुठून कुठून माणसं विचारू लागली. बऱ्याच जणांचे गुडघे दुखत होते, इतके दिवस कोणी बोललं नव्हतं एवढंच. रूपसिंग सरांनीही गुपचूप आपल्या मांड्या कापायला काढल्या.

पावसाळ्यानंतर, धरणात पाणी असताना, हिंगोली आणि परभणीकडचे सगळे रक्षक सिद्धेश्वरला जमले. पाण्याच्या काठानं ओळीत चालत फोटो काढायचे होते. ओळीचा वेग कोणी ठरवायचा यावर थोडी कुजबुज झाली, मग सगळ्यांनी मिळून दीपमालाला पुढे केलं. ती म्हणाली, “मी ठरवलं तर मग मागं पडू नका.” आणि खरंच, ताठ पायांचे रक्षक तिच्या मागून पावलं जुळवायला धडपडत राहिले. मासे धरणाऱ्या दोन नावा वल्ही थांबवून बघत उभ्या राहिल्या.

चालणं झाल्यावर सगळे एका बाभळीखाली आले. दीपमालानं रबराच्या घडीतून बोटं घालून कडी ओढली, ‘टक्’ झालं, आणि ती दगडावर बसली. तिच्या शेजारी सर बसले, इतर धावते रक्षक बसले. भाकऱ्या, ठेचा, कांदा, पिठलं, सगळं मधे मांडलं गेलं. पल्लवी तेवढी उभी. तिनं अजून आपलं जुनं कवच बदललं नव्हतं. मांडीत आणि नडगीत कागद जाणार नाही असं ते कवच कापायला तिचा हात धजत नव्हता.

“काढा की ते पाय,” सर म्हणाले.

“काढले की पुन्हा चढवायला अर्धा तास जातो.”

दीपमालानं भाकरीवर पिठलं वाढलं, वर ठेचा ठेवला आणि हात उंच करून तिच्यापुढे धरला. पल्लवीनं हेल्मेट काखेत मारलं, भाकरी घेतली, बाभळीला पाठ टेकली आणि उभ्या उभ्याच जेवायला सुरुवात केली. पाण्यावरून वारा येत होता, पिठलं अजून गरम होतं. खाली बसलेल्यांमध्ये रबराच्या घड्या पाच की सहा यावरून पुन्हा वाद पेटला होता. दीपमाला सगळ्यांना सांगत होती की तिनं पडद्यावर बोट ठेवून मोजल्या आहेत, आणि रूपसिंग सर काही केल्या ऐकून घेत नव्हते.